फंड उभारणे म्हणजे काय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या रात्रीच्या वर्गात एक शब्द अडला. वर्गाला एक गृहस्थ येतात. वय साठीच्या आसपास, जन्मभर रापण ओढलेली. मालवणच्या बाजारातून येताना त्यांच्या हातात कोणीतरी एक छापील कागद दिला होता. तो त्यांनी कंदिलाजवळ, म्हणजे आता दिव्याजवळ म्हटले पाहिजे, नेऊन अक्षर अक्षर लावत वाचला. "नि-धी सं-क-ल-न." वाचले अगदी बरोबर. मग कागद खाली ठेवून मला म्हणाले, "गुरुजी, वाचूक जमला. पण ह्येचो अर्थ काय?"

मी म्हटले, "फंड गोळा करणे."

"मगे तसा लिवूक काय झाला तेंका?" ते म्हणाले, आणि सगळा वर्ग हसला.

त्यांचे म्हणणे खोटे नाही. सोपा शब्द असताना अवघड शब्द वापरण्याची खोड आपल्या शिकलेल्या मंडळींना आहे. पण मंडळी, 'फंड' म्हटले म्हणजे तरी सगळे समजले का? त्या रात्री वर्गात मी विचारले, फंड म्हणजे काय ते सांगा. चौघांनी चार गोष्टी सांगितल्या. आणि चौघेही आपापल्या परीने बरोबर होते.

एक म्हणाला, "माझ्या बापाशीक गिरणीतसून फंड मिळाललो." हा झाला प्रॉव्हिडंट फंड. १९५२ सालच्या कायद्याप्रमाणे कामगाराच्या पगारातून दर महिन्याला काही रक्कम कापतात, मालकही आपला वाटा घालतो, आणि नोकरी सुटली की ते पैसे कामगाराच्या हाती येतात. आपल्या कोकणात कितीतरी घरांचे चिरे या फंडातून बसले आहेत. पण तो फंड ज्याचा त्याचा असतो. घामाचाच पैसा, उशिरा मिळालेला.

दुसरी बाई म्हणाली, "आमची भिशी असा, तो फंडच मां?" भिशीत दहाजणी मिळून दर महिन्याला पैसे घालतात आणि पाळीपाळीने एकेकीला उचलून देतात. घातलेले परत मिळते. चांगली गोष्ट आहे, पण इथेही पैसा ज्याचा त्याच्याकडेच फिरून येतो.

तिसऱ्याने देवळातली फंडपेटी सांगितली. चौथा म्हणाला, "आमदार निधी." आता आमदार निधी किंवा खासदार निधी म्हणजे सरकारच्या तिजोरीतला पैसा. तो करातून आलेला असतो. आपण कपडा, काडेपेटी घेतो त्यातसुद्धा थोडा कर जातो. आमदार-खासदार एवढेच सांगतात की त्यातले अमुक पैसे अमुक कामाला द्या. रस्त्याच्या कडेला नाव त्यांचे लागते, पैसा मात्र सगळ्यांचा असतो. हा निधी कोणी दारोदार फिरून मागितलेला नसतो.

आपण ज्या फंडाविषयी आज बोलणार आहोत तो या सर्वांत फंडपेटीला जवळचा आहे. एखादे काम एकट्याच्याने होण्यासारखे नसते. पुष्कळांना ते हवे असते. मग कोणीतरी पुढे होऊन लोकांना सांगतो, हे काम करायचे आहे, तुम्ही थोडे थोडे द्या. लोक राजीखुशीने देतात. तो पैसा त्या कामालाच लागतो आणि देणाऱ्याला परत मिळत नाही. याला म्हणायचे फंड उभारणे. कागदावर त्यालाच 'निधी संकलन' म्हणतात. निधी म्हणजे ठेवा; कुबेराचे नऊ निधी पुराणात सांगतात, तोच हा शब्द. संकलन म्हणजे गोळा करणे. प्रत्येकाने ठरवून दिलेली सारखी रक्कम असेल तर ती वर्गणी. ज्याने आपल्या मनाने, आपल्या ऐपतीने दिली ती देणगी. सरकारी योजनेत गावानेही आपला हिस्सा घालावा अशी अट असली तर ती लोकवर्गणी. २००२ सालच्या स्वजलधारा पाणी योजनेत गावाला खर्चाचा दहावा हिस्सा असा घालावा लागे. शब्द वेगवेगळे, पण धोंड एकच: दुसऱ्याच्या खिशातला पैसा सर्वांच्या कामासाठी बाहेर कसा काढायचा, आणि काढल्यावर तो जपायचा कसा.

रापणीचे उदाहरण घ्या. जाळे समुद्रात गोल टाकलेले असते. दोन्ही बाजूंनी दोराला माणसे लागतात. त्यात जवान असतात, म्हातारे असतात, बायकाही हात लावतात. एकट्याने ओढायचे म्हटले तर दोर हलायचा नाही. म्हाताऱ्याचे बळ ते किती? पण त्याचाही हात दोराला हवा असतो. फंडाचे तसेच आहे. फरक एवढाच की रापणीत शेवटी मासळीचा वाटा घरी येतो, आणि फंडात वाटा कोणाच्याच घरी जात नाही. म्हणून फंडाचा दोर ओढायला माणसे मिळणे जास्त कठीण.

थोडे थोडे देऊन मोठे काम होते का? होते. त्याची एक खरी हकीगत सांगतो. सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या देशावर इंग्रजांचे राज्य होते. सुई, दोरा, काच, काडेपेटी, सगळा माल परदेशातून येई. आपल्याकडे कारखाने काढायचे तर भांडवल नव्हते. तेव्हा अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांना एक कल्पना सुचली. दरसाल दर माणशी फक्त एक पैसा मागायचा. जास्त नाही. या फंडाचे नावच पडले 'पैसा फंड'. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठिंबा दिला.

आता पाटी घ्या आणि हिशेब करा. जुना रुपया १६ आण्यांचा. एका आण्याचे ४ पैसे. म्हणजे रुपयाचे पैसे झाले ६४. चौसष्ट माणसांनी एकेक पैसा दिला तर एक रुपया. एक लाख माणसांनी दिला तर? १,५६२ रुपये ८ आणे. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. पण बघा, ती जमवायला एक लाख वेळा हात पसरावा लागणार. एक लाख वेळा सांगावे लागणार की हा पैसा कशाला हवा. काळे यांची खरी मेहनत तिथे होती. ज्याने पैसा दिला त्याला वाटू लागले की कारखान्यात माझाही एक पैसा आहे. एका शेटजीने एकदम मोठी रक्कम दिली असती तर काम लवकर झाले असते, पण एवढ्या लोकांना तो कारखाना आपला वाटला नसता.

या पैशांतून १९०८ साली पुण्याजवळ तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. परदेशी जाऊन काचेचे काम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे कामाला लाभले. काच करायची आणि काच करणारी माणसेही शिकवून तयार करायची, अशी दोन्ही कामे तिथे चालत. तिथे शिकलेले कारागीर पुढे देशात इतर ठिकाणच्या कारखान्यांत गेले. पैसा फंड हे नाव आपल्या कोकणातही राहिले आहे. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना संगमेश्वर लागते ना, तिथे 'पैसा फंड इंग्लिश स्कूल' या नावाची शाळा आहे. व्यापारी पैसा फंड संस्था ती चालवते. पुढच्या खेपेस एसटीत बसाल तेव्हा खिडकीतून बघा. आता तुम्हाला पाटी वाचता येईल.

आपल्या मालवणात दुसऱ्या तऱ्हेचे उदाहरण आहे. अनंत शिवाजी देसाई टोपीवाले यांचे नाव आपल्याकडच्या हायस्कुलाला आहे, ते तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. मुंबईत व्यापारात मिळवले आणि विद्येच्या कामी दिले. असे मोठे दाते लाभले तर उत्तमच. पण प्रत्येक वाडीला टोपीवाले कुठून मिळणार? वाडीला आपल्या माणसांच्या मुठीवरच अवलंबून राहावे लागते.

मूठ म्हटली म्हणून आठवले. फंड पैशांचाच असावा असे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. गोरगरिबांची, सर्व जातींची मुले एका छपराखाली ठेवून शिकवायची, तर त्यांच्या पोटाला काय घालायचे? खेड्यातल्या बायांजवळ रोख पैसा नसे, पण घरात जोंधळा-बाजरी असे. तेव्हा दळायला बसण्याआधी बाईने एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवावे, आणि ते गोळा करून मुलांच्या वसतिगृहाला पोचवावे, अशी रीत त्यांनी घातली. त्याला मुष्टिफंड म्हणत. आणि लोकांकडे मागण्याआधी त्यांच्या घरातले गेले होते. वसतिगृहातल्या मुलांना उपास पडू नये म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा मोडले. आधी स्वतः घातले आणि मग दुसऱ्याला मागितले, तर ऐकणारा नाही म्हणताना दोनदा विचार करतो.

आता मागण्याच्या लाजेविषयी. आपली कोकणी माणसे मानी. उपाशी राहतील पण कोणाच्या दारात उभी राहणार नाहीत. फंड मागायला चला म्हटले की, "आमका भीक मागूक सांगतास?" असे उत्तर मिळते. भीक आणि फंड यांत फरक आहे. भीक मागणारा आपल्या पोटासाठी मागतो. तीही कोणी हौसेने मागत नाही, हे लक्षात ठेवावे. फंड मागणारा ज्यातून आपल्याला एक पैसाही घ्यायचा नाही अशा कामासाठी मागतो. मग मान खाली कशाला?

महर्षी धोंडो केशव कर्वे हे आपल्या कोकणचेच. दापोली तालुक्यातल्या मुरूडला वाढले. विधवा बायकांना आसरा आणि शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. त्या काळी या कामाला विरोध किती! सरळ शिव्या खाव्या लागत. तरी कर्वे दारोदार जात, काम समजावून सांगत, चार आणे मिळाले तरी घेत आणि लिहून ठेवत. १९१६ साली त्यांनी स्त्रियांचे विद्यापीठ काढले. पुढे सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला १५ लाख रुपयांची देणगी दिली. एवढे झाल्यावर दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. पण १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, कर्व्यांनी पुन्हा एक नवे मंडळ काढले. महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ. ज्या खेड्यात शाळा नाही तिथे शाळा काढायची, हे त्याचे काम. आपल्या तुटपुंज्या पेन्शनीतले पैसे त्यांनी त्यात घातले, आणि बाकीच्यासाठी हा म्हातारा माणूस पुण्याच्या रस्त्यांनी पायी फिरून घराघरांतून लहान लहान वर्गण्या गोळा करू लागला. त्यातून चाळीसच्या आसपास खेड्यांत शाळा निघाल्या. लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी मागितलेल्या त्या पैशांची आठवण तुम्हा-आम्हाला असायला हवी. १९५८ साली त्यांना भारतरत्न ही पदवी मिळाली.

कोणी रस्त्याने फिरून मागतो, कोणी खेळ करून. १९२१ साली महात्मा गांधींच्या सांगण्यावरून टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमवायचे ठरले, आणि ठरल्या मुदतीत ते जमले. त्या फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन नटांनी त्याच साली मुंबईत एकत्र 'मानापमान' नाटक केले. दोघांच्या नाटक कंपन्या वेगवेगळ्या, एकमेकांच्या स्पर्धेतल्या. पण फंडासाठी एका रंगमंचावर उभे राहिले. वरच्या जागेचे तिकीट त्या काळी १०० रुपये होते, तरी थिएटर भरले. आपल्याकडे दशावताराचा खेळ लावून शाळेसाठी पैसे उभे करतात, ती रीत याच जातीची. माणूस नुसते पैसे द्यायला कुरकुरतो, पण रात्रभर खेळ बघायला मिळाला की खुशीने देतो. यात गैर काही नाही. फक्त खेळाचा खर्च फंडाला खाऊन टाकत नाही ना, ते आधी बघावे. मी अशी नाटके पाहिली आहेत की मांडव, दिवे आणि चहा यांतच सगळे गेले आणि शाळेच्या वाट्याला एक घड्याळ आले.

इथवर मोठ्या माणसांच्या गोष्टी झाल्या. आता माझी सांगतो. ती काही अभिमानाची नाही.

१९८६ साली मी एका किनाऱ्याच्या वाडीत प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. नोकरीत नवा. पावसाने शाळेच्या पडवीची कौले फुटली, वासे कुजले. वरून मंजुरी यायला वर्ष लागले असते. मी म्हटले, आपणच फंड जमवू. घरोघर फिरलो. लोकांनी दिले, नाही असे नाही. कोणी पाच रुपये, कोणी दोन. कोणी नारळ दिले. एका होडीवाल्याने एक चांगली सुरमई दिली, ती आम्ही तिथेच पाव करून विकली. नावे मी एका कागदावर लिहीत होतो. वही न्यायची आठवण राहिली नव्हती, आणि पावती पुस्तक छापायला पैसे कशाला घालवा, असे मला वाटले होते. कागद भरला की दुसरा घ्यायचो. एके दिवशी खिशात तो भिजला. शाई पसरली. मी मनात म्हटले, पैसे तर नीट आहेत ना, मग झाले.

९१२ रुपये जमले. कौले आणली, सुतार लावला, थोडे कमी पडले ते मी माझ्या पगारातून घातले. पडवी उभी राहिली. मग गावची बैठक बसली तेव्हा मासे विकणारी एक म्हातारी, डोक्यावरची पाटी बाजूला ठेवून, उभी राहिली. म्हणाली, "मास्तरांनू, मी दोन रुपये दिलंय ते खंय लिवलास? माका दाखवा."

मी म्हटले, "काकी, पडवी दिसते ना समोर?"

"पडवी दिसता," ती म्हणाली. "माझे दोन रुपये दिसनत नाय. माका वाचूक येना नाय, पण माझा नाव असा काय नाय ता कोण तरी वाचून सांगात."

माझ्याजवळ दाखवायला काही नव्हते. भिजलेला कागद काढला, तर त्यावर निळे डाग. लोक बोलले काही नाहीत. पण घरी जाताना मागून एकाचे शब्द कानावर आले, "मास्तरान पैसे खाल्ल्यान." मी एक पैसा खाल्ला नव्हता, उलट घातले होते. पण ते मलाच ठाऊक. दुसऱ्या वर्षी शाळेजवळ विहीर खणायचे ठरवले आणि फंड काढला, तर सबंध वाडीतून चाळीस रुपये निघाले. विहीर झाली नाही. मी बदली होऊन जाईपर्यंत मुले लांबच्या विहिरीवरून पाणी आणत होती. पोरांच्या हातात कळशी दिसली की मला त्या म्हातारीचा प्रश्न आठवे. तिचा राग मला कधी आला नाही. ती दोन रुपये परत मागत नव्हती. ते कुठे उतरले एवढेच तिला बघायचे होते.

त्यानंतर मी पावती पुस्तकाशिवाय कोणाच्या दारात गेलो नाही. पावती म्हणजे काय ते नीट बघून ठेवा, कारण आता ती तुम्हाला वाचायची आहे. पुस्तकात प्रत्येक पावतीला नंबर असतो. पावती फाडून देणाऱ्याला देतात, आणि तिची नक्कल पुस्तकात राहते, तिला स्थळप्रत म्हणतात. दोन्हीवर एकच मजकूर हवा: तारीख, नाव, कोणत्या कामासाठी, किती रुपये, घेणाऱ्याची सही. रक्कम दोनदा लिहितात. एकदा आकड्यांत, एकदा 'अक्षरी'. ती दोनदा कशाला, असे वर्गात मला नेहमी विचारतात. १०० हा आकडा आहे. त्यापुढे कोणी एक शून्य काढले की १,००० झाले, किंवा एक शून्य खोडले की १० झाले. पण 'शंभर रुपये फक्त' असे अक्षरांत लिहिले की त्यात काही घुसडता येत नाही. 'फक्त' हा शब्दही त्यासाठीच असतो, शेवटची जागा बंद करायला. कोणी पैसे घेऊन म्हणाला, "पावती मागाहून देतो," तर म्हणावे, "मग पैसेही मागाहून देतो." यात अपमान काही नाही. प्रामाणिक माणसाला पावती द्यायला आवडते, कारण ती त्यालाही वाचवते. मला त्या बैठकीत वाचवायला तेवढा एक चिटोरा पुरला असता.

पावतीच्या वर संस्थेचे नाव आणि नोंदणी क्रमांक असतो, तोही वाचावा. आपल्या राज्यात सार्वजनिक संस्थांसाठी १९५० सालचा कायदा आहे. संस्थेने धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंद करायची आणि दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचा. गणपतीच्या दिवसांत जी मंडळे वर्गणी काढतात, त्यांनीही आधी या कार्यालयाची परवानगी घ्यायची असते. पुष्कळांना हे ठाऊक नसते. काहींना ठाऊक असून नसते.

आणि नाही म्हणण्याचा हक्क. हा मला फार महत्त्वाचा वाटतो, पण यावर कोणी बोलत नाही. देऊळ बांधायचे, जीर्णोद्धार करायचा, की बैठक बसते आणि घरटी पाच हजार ठरतात. मुंबईला नोकरी करणाऱ्याला ते जमते. ज्याची होडी मोडून पडली आहे, ज्याच्या घरात आजारी माणूस आहे, त्याला जमत नाही. तो कर्ज काढून देतो, कारण न देणाऱ्यांची नावे लाऊडस्पीकरवरून वाचतात. याला मी फंड म्हणायला तयार नाही. राजीखुशी गेली की तो दंड झाला. देणाऱ्यांची नावे लावावीत, ज्याला आपली रक्कम बघायची त्याला वही उघडून दाखवावी. न देणाऱ्याचे नाव मात्र कुठेही लावू नये. त्याने हातकाम केले, चार दगड वाहिले, तर तेही वहीत लिहावे. माझे हे मत काही जणांना पटत नाही. देवाच्या कामात सूट कसली, असे ते म्हणतात.

आता फंड मागायला माणूस दारात येतोच असे नाही. मोबाईलवर येतो. आजारी मुलाचे चित्र, खाली काळजाला हात घालणारा मजकूर, आणि पैसे पाठवायचा काळा-पांढरा चौकोन, ज्याला क्यूआर कोड म्हणतात. यातले पुष्कळ खरे असतात. आपल्या भागातून बांबोळीच्या इस्पितळात कितीतरी रोगी जातात, आणि त्यांचा खर्च शेजाऱ्यापाजाऱ्यांनी असा उचललेला मी पाहिला आहे. पण खोटेही असतात. म्हणून पैसे पाठवण्याआधी ओळखीच्या माणसाला फोन करून विचारावे. चौकोनासमोर मोबाईल धरला की पैसे कोणाला जाणार त्याचे नाव येते, ते वाचावे. घाई करू नये. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात धरा: पिन नंबर पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. "तुम्हाला मदत पाठवतो, तुमचा पिन दाबा," असे कोणी सांगितले तर तो चोर.

मोबाईलला मी नुसती नावे ठेवत नाही. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेले. माड मुळासकट पडले, घरांची कौले पानांसारखी उडाली. आमच्या वाडीच्या वाचनालयाचे छप्परही गेले, पुस्तके भिजली. तेव्हा करोनाची साथ चालू होती, चाकरमान्यांना गावी येता येईना. पण मोबाईलवरून त्यांनी पैसे धाडले. वाडीतल्यांनी रोख दिले, ज्यांच्याकडे तेही नव्हते त्यांनी पडलेल्या माडांचे नारळ दिले. मी निवृत्त होऊन घरी बसलो होतो, म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे आली. या वेळी वही होती, पावती पुस्तक होते, दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत. वाचनालयाचे छप्पर झाल्यावर मी सगळा हिशेब फळ्यावर उतरवला. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च, खाली शिल्लक. फळा नाक्यावर ठेवला.

दोन दिवस लोक येऊन बघून गेले. तिसऱ्या दिवशी वर्गाला येणारी एक सून तिथे बराच वेळ उभी राहिलेली मी पाहिली. बोट ठेवून एकेक ओळ वाचत होती. मग माझ्याकडे आली आणि जरा भीत म्हणाली, "गुरुजी, नारळांची ओळ चुकली काय? तुमी तीस लिवलास. नारळ चाळीस होते. माझ्या डोक्यावरसून इले ते."

मी वही काढली. वहीत ४० होते. फळ्यावर उतरवताना मी ३० लिहिले होते, आणि १५ रुपयांच्या भावाने ६०० च्या जागी ४५० मांडले होते. दीडशे रुपये शिल्लक जास्त निघत होती आणि ती कशी, हे रात्रभर मला कळत नव्हते. तिच्यासमोरच ती ओळ पुसली आणि खडू तिच्या हातात दिला. तिने ४० लिहिले. चार जरा वाकडा आला, पण वाचता येत होता.